डाउनलोड फोल्डरमध्ये राहिलेली माणसं

मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेल्या जूनमध्ये तहसील कचेरीसमोरच्या एका सेवा केंद्रात दीड तास बसले होते. नंबर लागला तेव्हा लक्षात आलं की आधार कार्ड घरीच राहिलंय. "असू द्या ताई, ओटीपी सांगा, इथंच काढू," केंद्रातला मुलगा म्हणाला. ओटीपी सांगितला, पीडीएफ उतरली आणि ती उघडायला त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं. पडदा निम्मा माझ्याकडे वळलेला होता. फाइली नावानुसार लावलेल्या असल्यामुळे माझी फाइल सापडेपर्यंत त्याला माउसचं चाक फिरवावं लागलं. ईआधार, ईआधार, ईआधार. मधेच कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला, एका बाईंच्या पासबुकाचं पहिलं पान, फोटोसकट. एका फाइलीचं नाव नुसतंच "घटस्फोट ऑर्डर".

प्रिंट हातात आल्यावर मी म्हटलं, "दादा, माझी फाइल उडवून टाका ना." तो लगेच तयार झाला. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट अशा तीन कळा एकदम दाबल्या, समोर आलेल्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि म्हणाला, "घ्या, हिस्टरी, कॅशे, कुकीज, सगळं साफ." ब्राउझर खरोखरच साफ झाला होता. त्याच्यामागे फोल्डर उघडंच होतं, आणि त्यात माझं आधार जिथल्या तिथे होतं.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला जे शिकवलं गेलं तेच त्याने केलं. बँकेचे मेसेज, पोलिसांची सायबर जागृतीची पत्रकं, शाळेतलं संगणकाचं पुस्तक, सगळे गेली वीस वर्षं एकच सांगतायत: काम झालं की हिस्टरी पुसा. सल्ला चूक नाही. पण तो चुकीच्या माणसाला दिला जातोय आणि चुकीच्या जागेबद्दल दिला जातोय. आपल्याकडे खाजगीपणाची खरी गळती ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइलींमधून होत नाही. ती दुसऱ्याच्या मालकीच्या, दुसऱ्याच्या हातातल्या संगणकावर साठलेल्या आपल्या कागदांमधून होते. ते कागद पुसण्याची जबाबदारी काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसावर टाकणं ही सरकारने स्वतःची करून घेतलेली सुटका आहे, असं माझं मत आहे.

आधी त्या तात्पुरत्या फाइलींचा हिशेब करू. कॅशे ही मुळात काटकसर आहे. एखाद्या साइटचं बोधचिन्ह, टंक (फॉन्ट), चित्रं दर वेळी नव्याने ओढायला नकोत म्हणून ब्राउझर ती डिस्कवर ठेवून देतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपवर एक फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना या काटकसरीचं मोल सांगायला नको. कुकीची गोष्ट त्याच्या एकच वर्ष आधीची. वेबला स्मरणशक्ती नव्हती, प्रत्येक क्लिक म्हणजे नवा अनोळखी माणूस. मग दुकानाच्या साइटवर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर कशी टिकणार? नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ साली त्यावर तोडगा काढला: साइटने ग्राहकाच्याच संगणकावर एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती परत मागायची. जाहिरातवाल्यांनी त्या चिठ्ठीचं काय केलं ते पुढचं रामायण.

आता या चिठ्ठ्या आणि ही साठवण पुसली की आपण कोणापासून वाचतो? आपल्या त्याच खुर्चीवर आपल्यानंतर बसणाऱ्या माणसापासून. बस्स. त्यापलीकडच्या बघणाऱ्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर कुकीशिवायही एकमेवाद्वितीय ठरले. पडद्याचा आकार, बसवलेले टंक, प्लगिन, वेळेचा पट्टा (टाइम झोन) एवढ्यावरूनच ओळखू येत होते. चेहरा धुतला म्हणून चाल बदलत नाही, तसंच.

आणि "इनकॉग्निटो" म्हणजे गुप्त खिडकी, असं ज्यांना वाटतं त्यांनी गूगलवरचा कॅलिफोर्नियातला खटला आठवावा. २०२० मध्ये दाखल झालेल्या या दाव्यात तक्रार अशी होती की खाजगी खिडकीतही कंपनी माहिती गोळा करत राहते. २०२४ मध्ये तडजोड झाली. अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं आणि त्या खिडकीवरची सूचना बदलली: आता ती स्पष्टच सांगते की तुम्ही पाहता त्या साइटी आणि त्या वापरत असलेल्या सेवा माहिती कशी गोळा करतात यात काही फरक पडणार नाही, आणि त्यात गूगलही आलं. तडजोडीत वापरकर्त्यांना भरपाई म्हणून एक छदामही ठरला नाही. टोपी आणि गडद चष्म्याचं चित्र मात्र अजून आहे.

तर मग उरतो तो पहिला बघणारा, खुर्चीवरचा पुढचा माणूस. पुष्कळ घरांत तो घरातलाच असतो. एक फोन तिघांत फिरतो. नवऱ्याचा, मग मुलाच्या अभ्यासाचा, मग रात्री बाईच्या हातात. अशा फोनवर एखादीने गर्भपाताबद्दल शोधलं, वकील शोधला, मारहाणीच्या तक्रारीचा नंबर शोधला, तर तो इतिहास पुसणं तिच्यासाठी जिवाचा प्रश्न असू शकतो. पण तिथेही "सगळं साफ करा" हा सल्ला बेजबाबदार आहे. जिथे रोज पन्नास पानांची यादी असते तिथे एके दिवशी कोरी पाटी दिसली की पहिला प्रश्न येतो, "काय लपवतेस?" परदेशांतल्या कौटुंबिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्था आपल्या साइटींवर नेमकं हेच बजावतात: सगळा इतिहास उडवू नका, हवी ती पानं तेवढी काढा, शक्य असेल तर दुसऱ्याच सुरक्षित उपकरणावरून बघा. आपल्याकडच्या पत्रकांत ही अक्कल क्वचित दिसते, कारण ती पत्रकं लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची खोली आणि स्वतःचा पासवर्ड असलेला माणूस असतो.

घराबाहेर पडलं की हा पुढचा माणूस सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, नेट कॅफेत भेटतो. तिथे कॅशेत काय सापडेल? सरकारी साइटींची बोधचिन्हं आणि मंत्र्यांचे फोटो. खुशाल बघा. माल असतो तो दुसरीकडे. डाउनलोडच्या फोल्डरात. डेस्कटॉपवरच्या "न्यू फोल्डर ३" मध्ये. स्कॅनरच्या फोल्डरात. "काका, या नंबरवर व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढतो" म्हणून उघड्याच ठेवलेल्या व्हॉट्सॲप वेबच्या खिडकीत, जिथे तुमच्या आधी पाठवणाऱ्या चाळीस जणांचे कागद नंबरासकट दिसतात. आणि यातल्या फाइली त्या तीन कळांनी पुसल्या जात नाहीत; व्हॉट्सॲप वेब फार तर लॉगआउट होतं. त्या खिडकीत "डाउनलोड हिस्टरी" अशी चौकट असते खरी. तिने फक्त यादी पुसली जाते. फाइल डिस्कवर तशीच राहते. खाजगी खिडकी, पाहुण्यांची खिडकी, काहीही वापरा, उतरवलेली फाइल बहुधा मागे उरतेच. किराणा दुकानदाराने उधारीची वही जाळली म्हणून गोदामातली पोती नाहीशी होत नाहीत.

त्या ईआधारला कुलूप असतं हे मान्य. पण त्याची किल्ली कोणती? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि जन्माचं साल. शेजारीच पडलेल्या रेशनकार्डावर नाव आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर साल आहे. कुलपालाच किल्ली बांधून ठेवावी तसा प्रकार.

हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू विभागीय कार्यालयाने एक सूचना काढली. आधारच्या झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधार वापरा. आणि ईआधार उतरवायला नेट कॅफेतले सार्वजनिक संगणक टाळा, वापरलेच तर उतरवलेल्या सगळ्या प्रती त्या संगणकावरून कायमच्या पुसा. सूचना व्हायरल झाली, लोक हादरले, कारण तोवर हॉटेलपासून सिमकार्डवाल्यापर्यंत सगळ्यांना झेरॉक्स देऊन झाल्या होत्या. दोनच दिवसांत, २९ मेला, "चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता" आहे म्हणून केंद्राने ती मागे घेतली आणि नेहमीची सावधगिरी बाळगा असं सांगितलं.

मला ती सूचना मागे घेण्यापेक्षा तिच्यातल्या क्रियापदाचं जास्त वाटतं. "पुसा." कोणी? वाक्याचा कर्ता नागरिक आहे. पण नागरिक काउंटरच्या अलीकडे उभा असतो, कीबोर्ड पलीकडे. त्याच्या हातात माउस नाही, बऱ्याचदा पडदाही त्याला दिसत नाही, मागे रांग असते आणि पुढचा माणूस कोपराने ढोसत असतो. साठीच्या बाईने "बाळा, रिसायकल बिनसुद्धा रिकामं कर हं" असं म्हणावं अशी अपेक्षा आहे का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंबही नागरिकानेच ओढत न्यायचा.

बरं, तिथे जाणं ऐच्छिक असतं तरी एक वेळ चाललं असतं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले; महिन्याला १५०० रुपये, २१ ते ६५ वयाच्या बाया, आणि लाभार्थींचा आकडा दोन कोटींच्या वर गेला. कितीजणींनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हाताने अर्ज भरला असेल? त्या पावसाळ्यात सेवा केंद्रांसमोरच्या रांगा ज्याने पाहिल्या त्याला विचारा. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आली, तिच्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार. त्यात पीकविमा, शिष्यवृत्ती, आणि २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेली अकरावीची प्रवेशप्रक्रिया. सरकारने दार ऑनलाइन केलं आणि उंबरठ्यावर एक खाजगी दुकान बसवलं. त्या दुकानातून गेल्याशिवाय आत जाता येत नसेल, तर दुकानात जे सांडतं त्याची जबाबदारी दार बसवणाऱ्याची.

कायदा याबद्दल काय म्हणतो? गंमत अशी की कायद्याने नेट कॅफेला विसरायला कधी सांगितलंच नाही. लक्षात ठेवायला सांगितलं. २०११ चे सायबर कॅफेचे नियम वाचण्यासारखे आहेत. ग्राहकाचं ओळखपत्र घ्या, नोंदवही ठेवा, कोणत्या साइटी पाहिल्या त्याचा इतिहास किमान एक वर्ष जपून ठेवा. आडोशाची उंची साडेचार फुटांहून जास्त नको. आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे, म्हणजे सगळ्यांना दिसतील असे. फुटांतली उंचीसुद्धा ठरवणाऱ्या त्या नियमांत गिऱ्हाईक उठून गेल्यावर त्याचे कागद पुसण्याबद्दल एक ओळ नाही. ग्राहक म्हणजे संशयित, एवढीच कल्पना. त्याचंही काही चोरीला जाऊ शकतं हे नियम लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

मग २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. कायद्यातलं तत्त्व चांगलं आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. पण हा आकडाच सांगतो की कायदा लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं. तालुक्याच्या गावातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात, दोन संगणक आणि एका प्रिंटरवर संसार चालवणाऱ्या मुलाला २५० कोटींची भीती वाटत नाही. ती त्याच्या कल्पनेतच मावत नाही. आणि पासबुकाचं पान गळालेल्या बाईने दिल्ली परिसरातल्या डेटा संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन तक्रार करायची म्हटलं, तर ती करायला ती कुठे जाणार? त्याच केंद्रात.

त्या मुलाची बाजूही ऐकली पाहिजे. मी पुन्हा गेले तेव्हा त्यालाच विचारलं, एवढ्या फाइली ठेवतोस कशाला? तो म्हणाला, "ताई, लोक आठवड्याने परत येतात. दादा, परवा काढलेलं ते परत द्या म्हणतात. फोन मुलाकडे पुण्याला, ओटीपी येत नाही. मग माझ्याकडचीच प्रत कामाला येते." हे खरं आहे. अर्ध्या गावाचं कपाट त्याच्या डिस्कमध्ये आहे, आणि ते त्याने कुणाला लुबाडायला उघडलेलं नाही. ही सोय तोडून टाका असं मी म्हणणार नाही. पण सोय म्हणून ठेवायचं तर विचारून ठेवा, ज्याचं आहे त्याच्या नावाच्या बंद कप्प्यात ठेवा. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. ते उघडून द्यायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांचे पैसे केंद्राला मिळत नाहीत, हीच अडचण असेल तर ते पैसे द्या.

पोलिसांना तपासासाठी नोंदी लागतात, हा दुसरा आक्षेप. लागू देत की. कोण आलं, किती वाजता आलं याची वही वेगळी आणि आलेल्या माणसाच्या कागदांची प्रत वेगळी. पहिलीसाठी दुसरी साठवून ठेवायची गरज नाही. शिवाय कुठलीही साठवण आहे म्हटल्यावर मागणारे वाढतात. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या (मुंबईतल्या नव्हे) सार्वजनिक ग्रंथालयांना हे २००३ मध्येच कळलं होतं. अमेरिकेत दहशतवादविरोधी पॅट्रियट कायदा आल्यावर वाचकांच्या नोंदी मागायला तपासयंत्रणा दारात येऊ शकते, हे ओळखून तिथल्या ग्रंथपालांनी दिवसभराच्या कागदी नोंदी रोजच्या रोज यंत्रात घालून कातरायला सुरुवात केली आणि वाचकांना सावध करणाऱ्या पाट्या लावल्या. नसलेली वस्तू कुणी मागू शकत नाही. वाचकाला "तुम्ही पुसा" असं त्यांनी सांगितलं नाही. नोंद आमच्याकडे आहे म्हणजे पुसायची आम्ही, एवढं सरळ होतं.

तंत्र महाग आहे असंही नाही. रीबूट केलं की संगणक सकाळच्या अवस्थेत परत, अशी सॉफ्टवेअर नेट कॅफेवाल्यांना वीस वर्षांपासून माहीत आहेत. डीप फ्रीझ हे नाव जुन्या कॅफेवाल्यासमोर काढा, तो हसेल. पोरांनी गेम टाकू नयेत, व्हायरस राहू नये म्हणून ते बसवायचे. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टही स्टेडीस्टेट नावाचं असंच साधन फुकट देत होती. म्हणजे संगणक पोरांच्या गेमपासून वाचवायला आपण शिकलो, माणसांचे कागद संगणकापासून वाचवायचं राहून गेलं. आणि प्रिंटर-झेरॉक्स विसरू नका. मोठ्या डिजिटल कॉपियरमध्ये हार्ड डिस्क असते. अफिनिटी हेल्थ प्लॅन या न्यूयॉर्कच्या आरोग्य विमा संस्थेने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले आणि २०१३ मध्ये त्यापायी १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली.

माझी मागणी त्यामुळे अगदी किरकोळ आहे. सरकारी परवान्यावर चालणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या परवान्याच्या अटींत एक ओळ घाला: रोज रात्री यंत्र स्वतःहून पुसलं जाईल, अशी रचना असल्याशिवाय परवाना नाही. ग्राहकाकडे तोंड करून दुसरा छोटा पडदा. तपासणीला येणारा अधिकारी आज भिंतीवरचा दरफलक बघतो, त्याने डाउनलोडचं फोल्डरही उघडून बघावं. २५० कोटींच्या ऐवजी हजार रुपये दंड ठेवा, पण तो तालुक्यातच, त्याच दिवशी होऊ द्या.

आणि सवयीचं म्हणाल तर आपण ती दुसरीकडे लावलेली आहे. पेट्रोल पंपावर नळी हातात घेण्याआधी पोरगा म्हणतो, "झीरो बघा." गिऱ्हाईकाने मागितलं नसतं तरी म्हणतो. कुणाला मीटर कळो न कळो, दाखवणं हे विकणाऱ्याचं काम आहे हे आता पक्कं बसलंय. तेच केंद्रात व्हावं: प्रिंट हातात देताना पडदा फिरवून, "ताई, तुमची फाइल उडवली, बघून घ्या."

त्या दिवशी मी काउंटरवरून वाकून बोटाने माझी फाइल दाखवली. त्याने ती निवडली, उडवली, मग मी म्हटल्यावर रिसायकल बिनही रिकामं केलं. फोल्डर पुन्हा समोर आलं, बाकीच्या शेकडो नावांसकट. "आणि या बाकीच्यांच्या?" मी विचारलं.

"त्या ज्यांच्या त्यांनी येऊन सांगायला पाहिजे ना ताई," तो म्हणाला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या आजींना ओटीपी विचारला.